फ्लुकोनाझोल की इट्राकोनाझोल? गजकर्णाच्या दोन गोळ्यांमधला फरक

परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावात उन्हाळा लागला, घाम सुरू झाला, की जांघेत, कमरेला, काखेत गोल खाजरे चट्टे दिसू लागतात. कुणी त्याला गजकर्ण म्हणतं, कुणी नायटा. मग मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो पाठवतो आणि आपण तो मेडिकलवर दाखवतो. फोटोत असतं इट्राकोनाझोल, हातात पडतं फ्लुकोनाझोल. दोन्ही 'नाझोल'च ना, काय फरक पडतो?

बराच पडतो. काम मात्र दोघांचं एकच. बुरशीच्या पेशीला बाहेरून जे आवरण असतं, ते टिकायला अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो तयार करणारं एन्झाइम या गोळ्या अडवतात, म्हणून बुरशीची वाढ थांबते.

फरक सुरू होतो पोटात. फ्लुकोनाझोल पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, ते रक्तात पोचतंच. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलचे नखरे जास्त. तिला भरलं पोट लागतं आणि पोटातलं आम्लही लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली, की कॅप्सूलचा बराच भाग वाया जातो. 'महागाची गोळी घेतली तरी फरक नाही' यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

मग भारी कोण? वाराणसीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर चार औषधांची तुलना केली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी इट्राकोनाझोल घेणारे ६६ टक्के बरे झाले, फ्लुकोनाझोल घेणारे ४२ टक्के. एकेकाळी हमखास चालणारं टर्बिनाफिन २८ टक्क्यांवर अडकलं, कारण भारतातली बुरशी त्याला बरीच सरावली आहे. पण आकडा नीट वाचा: पुढे असलेल्या औषधानेही दर तिघांतला एक जण आठ आठवड्यांत बरा झाला नव्हता. आपण तर खाज थांबली की आठव्या दिवशीच गोळी बंद करतो.

म्हणून इट्राकोनाझोलच मागायचं का? नाही हो. हृदय कमजोर असलेल्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं अजिबात जमत नाही. फ्लुकोनाझोलही साधंभोळं नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम ते वाढवतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. दोन्हींचा लिव्हरवर ताण येऊ शकतो. त्यामुळे उरलेल्या चार गोळ्या आजीला देणं, हे गावाकडचं नेहमीचं प्रेम, इथे महागात पडतं. गरोदर बाईला तर विचारल्याशिवाय यातली एकही देऊ नका.

आणि ती दोन दिवसांत खाज घालवणारी ट्यूब? तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. लाली जाते, बुरशी आत पसरत राहते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं, तर ती गजकर्णाला लावू नका.

परभणीला जाणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी अ‍ॅपवर डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. त्याआधी चट्ट्याचा उजेडात फोटो काढा. सोबत आजवर लावलेल्या ट्यूबचा आणि घरात चालू असलेल्या इतर गोळ्यांचाही. घरात आणखी कुणाला खाज असेल तर तेही सांगा, कारण टॉवेल एकच असेल तर उपचार सगळ्यांचेच लागतात.