पहिल्याच मोसमातील अंतिम लढत: अल्टिमेट खो-खो, 2022

जळगावजवळच्या नशिराबादसारख्या गावांत शाळेच्या पटांगणावर खेळल्या जाणाऱ्या खो-खोची पहिली व्यावसायिक फ्रँचायझी लीग, म्हणजे कंपन्या वा शासनाच्या मालकीच्या करारबद्ध संघांची साखळी स्पर्धा, पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाली. सहाही संघ नवे होते आणि 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनट्स व तेलुगू योद्धाज आमनेसामने आले.

येथील नियम मातीवरच्या खेळाहून वेगळे होते: साध्या स्पर्शाने गडी बाद केल्यास दोन गुण मिळत, तर ‘आकाशीय सूर’, म्हणजे धावत्या संरक्षकावर अंग झोकून त्याला टिपणे, तीन गुणांचा ठरे; शिवाय एकदा घेतलेली दिशा बदलण्याची मुभा नसलेल्या या खेळात ‘वझीर’ नावाच्या आक्रमकाला दोन्ही दिशांना धावण्याची सवलत होती.

अखेरची अवघी काही सेकंद उरली असता ओडिशाच्या सूरज लांडे याने असाच सूर मारून गडी टिपला आणि ओडिशाने 46-45 अशी, एका गुणाने, बाजी मारली. खो-खोतील चपळाईचे इतके देखणे दर्शन क्वचितच घडते.