रद्दीतला फ्लॅश गॉर्डन

वाकडच्या घरी दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पेटीत तळाशी मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सापडली. टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ही मालिका १९६४ ते १९९० अशी चालली. वेताळ सगळ्यांनाच आठवतो. मला ओढ फ्लॅश गॉर्डनच्या अवकाशयानांची! पण पानं पिवळी पडलेली, कडा हात लावताच तुटत होत्या. स्वस्त कागदात लाकडाचं लिग्निन उरतं. हवा-उजेड लागला की ते पिवळं पडतं आणि आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडू नका, डाग पडतात. लॅमिनेशनही नको. अंक आडवे, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गठ्ठा सोडून बघा. माझे निम्मे अंक किलोच्या भावाने गेले.