बेटावर जायचं, पण कुणासाठी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मैत्रिणी सुट्टीत कॅरिबियन बेटांवर जातात. नवऱ्याला स्कूबा डायव्हिंगचं वेड आणि बाईसाहेब काठावर टॉवेल सांभाळत! मग एवढा खर्च सार्थकी लागतो का?

बोनेर हे डच बेटच घ्या. १९७९ पासून भोवतालचा समुद्र संरक्षित आहे. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर डुबकीच्या जागांची नावं आहेत. बोटीची वाट न बघता किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं. म्हणजे सकाळी डुबकी, दुपार घरच्यांची. लाक बेच्या उथळ पाण्यात मुलं खेळतात, मिठागरांजवळ फ्लेमिंगो दिसतात.

पण लांबलचक पांढरी वाळू हवी असेल, तर हिरमोड होईल. किनारा बराचसा खडकाळ आहे. २०२३ मध्ये प्रवाळांवरचा घातक रोगही इथे पोहोचला. शिवाय लागोपाठच्या डुबक्यांनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणजे शेवटचा दिवस कोरडाच. चार दिवसांची सहल असेल, तर हे गणित आधीच मांडा.

घरात दोघं-तिघं पाण्यात उतरणार असतील, तर जरूर जा. एकटाच उतरणार असेल, तर बाकीच्यांचे दिवस कसे जातील ते आधी ठरवा. आणि मैत्रिणींनो, त्या ‘बाकीच्यां’त स्वतःलाही धरा!