घराचे सामान : आधी काय घ्यावे, मागाहून काय?

परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारे अनेक कोकणी कामगार पगारातून शिल्लक पडेल तसे गावच्या घरासाठी सामान जमवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला आणि पुष्कळांना गावी परतावे लागले. बांधकाम असे अडले म्हणजे आधी घेतलेला चिरा टिकून राहतो; सिमेंट मात्र वाया जाते.

म्हणून खरेदीचा क्रम ध्यानी ठेवावा. जांभ्याचा चिरा प्रथम घ्यावा. खाणीतून काढल्यावर तो हवेने कठीण होत जातो. यास्तव निदान तीन महिने उघड्यावर ठेवून मगच बांधकामास घ्यावा. लाकूडही आधी आणून, थरांमध्ये पट्ट्या घालून सावलीत वाळवावे.

सिमेंट मात्र काम सुरू होतानाच, लागेल तेवढेच आणावे. दमट हवेत तीन महिन्यांत त्याची सुमारे पाचवा हिस्सा ताकद जाऊ शकते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून एक फूट दूर रचावीत. थर दहांहून अधिक नसावेत. आधी आलेले पोते आधी वापरावे.

घरकुलाचा हप्ता हाती येताच तो सिमेंटात अडकवू नये, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक कुटुंबास वेळीच समजावून द्यावे.