चिखलातली बोटे आणि पेणची आखणी

आषाढात सुकेळी खिंड उतरून खांबाकडे येऊ लागले, की दुतर्फा भाताची लावणी चाललेली दिसते. आणि त्या गढूळ पाण्यात ओणवी झालेली बाई शेजारणीशी बोलण्यात रमलेली असतानाही तिची बोटे मुठीतल्या रोपांतून तीन-चार काड्या अचूक वेगळ्या काढून, न दिसणाऱ्या चिखलात हव्या तितक्याच खोल खोवून मोकळी होतात. येथे डोळा बेकार आहे. मग हातास वाट कोण दाखवितो?

वाट दाखविते ते आपले अवयव कोठे व कसे आहेत ह्याचे आंतरिक भान. त्यास चार्ल्स शेरिंग्टन ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली स्वतंत्र नाव दिले. हालचालीच्या बहुतेक स्नायूंत चातीच्या आकाराची सूक्ष्म ग्राहके असून, स्नायू ताणला जाताच त्यांची वर्दी सेकंदास सत्तर-ऐंशी मीटर वेगाने मेरुरज्जूत पोहोचते. बांधावर पाऊल निसटले असता मेंदूच्या हुजुरात अर्ज जाऊन फर्मान सुटण्याची वाट पाहणे परवडणारे नसते; म्हणून मेरुरज्जूचा मामलेदारच पहिला हुकूम आपल्या अखत्यारीत, सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यात, देऊन टाकतो. हुजुरास हकीकत मागाहून कळते.

हे भान गमावणे म्हणजे काय, ते एका इंग्रज तरुणाने १९७१ पासून भोगले. आजाराने त्याच्या मानेखालचे स्पर्शाचे व स्थितीचे ज्ञान नष्ट झाले, स्नायूंचे बळ मात्र शाबूत राहिले. पुढे तो चालू लागला, पण प्रत्येक पावलावर नजर ठेवून, आणि दिवे गेले की कोसळत असे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत, किंवा जवळच्या हमरापूर-जोह्यात, डोळ्यांची आखणी पाहताना वाटते, की येथे तरी कारभार सर्वस्वी नजरेचा असावा. तसा तो नाही. दिसलेली चूक हाताकडून दुरुस्त होण्यास सेकंदाचा दहावा भाग तरी जातो, आणि तेवढ्यात भुवईची रेघ पुढे सरकलेली असते. म्हणून लहान मेंदू हजारो जुन्या रेघांच्या आधारे हाताची पुढची जागा आधीच अंदाजतो, डोळ्याची व स्नायूंची वर्दी आली की तिचा त्या अंदाजाशी ताळा घेतो, आणि तफावत पुढल्या रेघेच्या खाती मांडतो. नवशिक्याची रेघ कापते ती भीतीने, असे आपण म्हणतो. माझ्या मते त्याच्या दफ्तरी अजून जुनी नोंदच नसते.

पेणला जाल तेव्हा मूर्तीइतकेच कारागिराच्या करंगळीकडेही पाहा: टेकलेल्या त्या बोटाच्या स्पर्शातूनही हाताला आपला ठाव कळत असतो.