हात देण्याआधी थोडे थांबा

गेल्या आठवड्यात एक लेक आपल्या ७८ वर्षांच्या आईला दवाखान्यात घेऊन आली. न्यूमोनियामुळे मातोश्री दहा दिवस अंथरुणावर होत्या. ताप उतरला, परंतु पायांतील बळही गेले. तपासून झाल्यावर लेकीने सवयीने काखेत हात घालून त्यांना उभे केले. मी त्यांना पुन्हा बसवले.

वाचकहो, आपल्या शरीरात स्नायू तीन प्रकारचे. हृदयाचा स्नायू जन्माआधीपासून अखंड राबतो. आतडी, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील मृदू स्नायू आपल्या नकळत आकुंचन पावतात. तिसरे हाडांना जोडलेले. ते बहुतांशी आपल्या इच्छेने हालतात, आणि इच्छा थांबली की झिजू लागतात.

या स्नायूची घडण दोरखंडासारखी असते: बारीक तंतूंच्या जुड्या, आणि अशा अनेक जुड्यांवर एक आवरण. तंतूंमध्ये अ‍ॅक्टिन व मायोसिन ही प्रथिने एकमेकांवरून सरकतात, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. तंतूही दोन जातींचे. संथ तंतू दीर्घकाळ थकत नाहीत; जलद तंतू क्षणात जोर लावतात, पण लवकर दमतात. वयाबरोबर अधिक बारीक होतात ते जलद तंतू, आणि न्हाणीघरात पाय घसरल्यावर तोल सावरायला नेमके तेच लागतात. म्हणूनच सकाळची संथ फेरी, ती उत्तम असली तरी, पुरेशी नाही.

गेलेले बळ परत येते का? बोस्टन येथील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या आसपासच्या काही वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या मांड्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

आपल्याला यंत्र नको. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्या. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा, बसताना सावकाश. त्यास १२ सेकंद वा अधिक लागले, तर डॉक्टरांना सांगा. सुरुवातीस खुर्चीच्या हातांचा आधार चालेल. हृदयविकार, चक्कर वा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी विचारून घ्या. प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडे वा मासळी असावी. केवळ चहा-बिस्किटांवर दुपार काढणारे आजी-आजोबा मी रोज पाहतो! मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

त्या मातोश्री तिसऱ्या प्रयत्नात, खुर्चीच्या हातांवर भार देऊन, स्वतः उठल्या. लेकीचा हात दोनदा पुढे आला आणि मागे गेला. या सोमवारी दोघींना पुन्हा बोलावले आहे.