दगडांची वर्तुळे आणि योगायोगाचा हिशेब

21 जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. अशा दिवसांच्या सूर्याशी जोडल्या जाणाऱ्या तेलंगणातल्या मुदुमलच्या उभ्या शिळा 2025 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या आणि ‘प्राचीन वेधशाळा’ हे बिरूद भलतेच स्वस्त झाले. आपल्याकडे नागपूरजवळच्या जुनापाणीलाही ते लावायची घाई दिसते. तिथे लोहयुगीन दफनांभोवती सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 मध्ये त्यांतली काही उकरली. दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांचा सूर्याशी संबंध जोडणारेही अभ्यासक आहेत.

जोडावा, पण आधी हिशेब करावा. आमच्या जालन्यात 21 जूनला सूर्य पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो. डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला सरकतो. ही दोन टोके आणि विषुवदिनाची नेमकी पूर्व मिळून उगवतीच्या दिशा तीन, मावळतीच्याही तीन. प्रत्येकीला दोन्ही अंगांनी 2 अंशांची सूट दिली की 360 पैकी 24 अंश, म्हणजे पंधरावा हिस्सा, ‘सूर्याचा’ झाला. आता केंद्राभोवती 10 दगड डोळे मिटून टाका. त्यांतला निदान एक तरी या हिश्शात पडण्याची शक्यता जवळजवळ 50 टक्के! त्यात चंद्र आणि अगस्त्य ताराही धरला, तर विचारूच नका.

वर्तुळांच्या मापांनाही असाच हिशेब लागतो. ऑक्सफर्डमधले अभियांत्रिकीचे प्राध्यापक अलेक्झांडर थॉम यांनी ब्रिटनमधली वर्तुळे मोजून 0.829 मीटरचे ‘महापाषाणीय यार्ड’ मांडले. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड केंडॉल यांनी 1974 मध्ये ते आकडे तपासले. स्कॉटलंडच्या व्यासांत एककाची खूण दिसली खरी. पण पावलांनी मोजले तरी ती तशीच दिसेल.

मला यापेक्षा साध्या प्रश्नात रस आहे. खुंटी ठोकून दोरी फिरवली की वर्तुळ चोख येते. पण मध्ये दफनाचा ढिगारा आधीच असेल, तर दोरी अडते आणि परीघ नजरेने आखावा लागतो. तो कुठेतरी चपटा होतोच. म्हणजे आधी आखणी की आधी दफन, याचा सुगावा वर्तुळाच्या वेडेवाकडेपणात मिळू शकतो. अर्थात, मधल्या काळात दगड हलले नसतील तर.

समृद्धी महामार्गाने जालन्याहून नागपूरला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून जुनापाणी जरूर पाहावे. वेधशाळेचा दावा करणाऱ्यांनी मात्र प्रत्येक दगडाची मोजमापे जाहीर करावीत, न जुळणाऱ्या दगडांची तर आधी.